कावेरीच्या सागरतळाचा कानोसा

तंजावरच्या भोसल्यांच्या मोडी दफ्तरांत महसूल, देवस्थाने आणि बंदरे यांच्या निमित्ताने ज्यांची नावे पुनःपुन्हा येतात, त्या कुंभकोणम, मन्नारगुडी, पट्टुकोट्टै, नागपट्टणम, कारैकल आणि तरंगमबाडी या गावांची गाठ आज भूवैज्ञानिकांच्या नकाशावरही पडते. मात्र तेथे ही नावे गावांची नसून जमिनीखाली हजारो मीटर पुरल्या गेलेल्या खडकांच्या कण्यांची आणि खोलगट दऱ्यांची आहेत. पट्टुकोट्टै-मन्नारगुडीचा एक कणा आणि कुंभकोणमपासून समुद्राकडे जाणारा दुसरा, या दोहोंच्या दरम्यान 'तंजावर' या नावाची दरी आहे. वर मात्र दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट भातखाचरे, कालवे आणि नारळीची बने. खालच्या त्या डोंगरदऱ्यांचा मागमूसही नाही.

भारताचा भूखंड कोट्यवधी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकापासून विलग होऊ लागला, तेव्हा पूर्व किनाऱ्यालगतचे कवच ताणले जाऊन त्याला समांतर भेगा पडल्या, भेगांमधील पट्टे खचले, आणि पुढे नद्यांनी व समुद्राने आणलेल्या गाळाने ते भरत गेले. या गाळाची जाडी काही ठिकाणी ५ किलोमीटरहून अधिक आहे. कावेरीच्या या भूवैज्ञानिक खोऱ्याचे क्षेत्र सुमारे १,५०,००० चौरस किलोमीटर मानले जाते. त्यांपैकी जमिनीवर जेमतेम २५,०००, उथळ समुद्रात ३०,०००, आणि उरलेले सारे खोल पाण्याखाली. जमिनीवरच्या भागाचे संशोधन १९५८ पासून चालू आहे, पहिली खोल विहीर १९६४ साली खोदली गेली, आणि नरिमणम येथे निघणाऱ्या तेलासाठी नागपट्टणमजवळ १९९३ साली तेलशुद्धीकरण कारखानाही उभा राहिला. म्हणजे ज्या भागाची चौकशी सर्वांत अधिक झाली तो सर्वांत लहान आहे, आणि सर्वांत मोठा भाग अद्याप पुरता वाचला गेलेला नाही.

हे वाचन ध्वनीच्या साहाय्याने होते. अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून आवाज किती वेळाने येतो यावरून पाणी किती खोल असेल याचा अदमास घ्यावा, तशीच ही मूळ कल्पना आहे. सर्वेक्षणाचे जहाज मंद गतीने एका सरळ रेषेत चालत असते. दर दहा-बारा सेकंदांनी त्याच्यामागे ओढल्या जाणाऱ्या नळकांड्यांतून दाबलेली हवा एकदम पाण्यात सोडली जाते. त्या धक्क्याची लहर तळ भेदून खाली जाते, आणि जेथे एका जातीचा खडक संपून दुसऱ्या जातीचा सुरू होतो तेथे तिचा काही अंश परत फिरतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली तरंगत असतात. त्यांत बसविलेले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले श्रवणयंत्र, हे प्रतिध्वनी टिपतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्याने १,५०० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी दोन सेकंदांत परततो, आणि त्याच्या मागोमाग खालच्या थरांचे क्षीण प्रतिध्वनी येऊ लागतात. तळाखालच्या एकाच बिंदूवरून परतलेले, परंतु निरनिराळ्या अंतरांवरून घेतलेले अनेक प्रतिध्वनी एकत्र मिळविले म्हणजे गोंगाट विरतो आणि खरा संकेत उठून दिसतो. जवळजवळच्या अनेक रेषांवर हे काम केले, तर थरांचे केवळ उभे छेद न मिळता त्यांची संपूर्ण घडण हाती येते.

परंतु प्रतिध्वनी काळ सांगतो, खोली सांगत नाही. खडकातील वेग जातीनुसार बदलतो. तो ५ टक्क्यांनी चुकीचा धरला तर ३ किलोमीटर खोल असलेला थर १५० मीटर वर किंवा खाली दाखविला जातो, आणि घुमटासारखा जो उंचवटा तेलाचा सापळा म्हणून हेरला असेल तो कदाचित गणितातच निर्माण झालेला असतो. शिवाय सापळा सापडला म्हणजे त्यात तेल आहे असा अर्थ होत नाही. खालच्या शेलमध्ये, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाच्या खडकात, तेल शिजले असले पाहिजे, ते वर सरकण्यास वाट हवी, सच्छिद्र खडक हवा, आणि त्यावर अभेद्य झाकण हवे. कावेरीच्या समुद्रातील पीवाय-१ या क्षेत्रात तर वायू चक्क भेगाळलेल्या ग्रॅनाइटमध्ये सापडला, आणि अशा सूक्ष्म भेगांचे दर्शन प्रतिध्वनींतून फार धूसर होते. रिलायन्सला २००७ साली याच खोऱ्यात हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात हायड्रोकार्बनचा शोध लागला, तेव्हा खोल भागाविषयी आशा वाढली. पण प्रत्येक आशेचा निर्णय अखेर विहीरच करते. मुंबई हायचा उंचवटाही सोव्हिएत व भारतीय तंत्रज्ञांना प्रतिध्वनींतूनच प्रथम दिसला होता, आणि त्याची साक्ष पटण्यास १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचाची विहीर लागली.

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, जेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी मनोरा उभारला, तेथून पुढे पाल्कचा समुद्र इतका उथळ आहे की लांब केबली ओढणारी जहाजे तेथे चालूच शकत नाहीत. श्रवणयंत्रे तळावर मांडावी लागतात, आणि उथळ पाण्यात तळ व पृष्ठभाग यांच्यामध्ये पुनःपुन्हा आपटणारा ध्वनी खऱ्या संकेतावर पसरतो. याच पाण्यातील सागरी गवतावर डुगाँग हा दुर्मिळ सस्तन प्राणी चरतो. तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत २०२२ साली त्याच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र घोषित झाले आहे. जमिनीवर तमिळनाडूने २०२० च्या कायद्याने तंजावरसह कावेरीच्या मुखप्रदेशात नव्या तेलखाणींना मनाई केली. समुद्रतळातील खनिजांचा विषय मात्र केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. आपल्या समुद्राखाली काय आहे हे राष्ट्राने जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते, आणि जाणून घेणे म्हणजे उपसणे नव्हे हेही तितक्याच आग्रहाने सांगावेसे वाटते. जुन्या सर्वेक्षणांच्या नोंदी आजच्या संगणकांवर पुन्हा वाचल्या, तर नवा धक्का न देताही पुष्कळ उलगडा होऊ शकतो. हे काम आधी व्हावे. जेथे नवे सर्वेक्षण अटळ असेल तेथे आवाज एकदम न सोडता क्रमाक्रमाने वाढवावा, प्राणी जवळ दिसताच तो थांबवावा, आणि कोणत्या दिवशी कोणत्या रेषेवर जहाज चालणार आहे याची खबर मल्लिपट्टणमच्या आणि अदिरामपट्टणमच्या मच्छीमारांना त्यांच्या भाषेत, होडी पाण्यात लोटण्याआधी मिळावी.