पंखा, दाते आणि १०५६

आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटारींच्या, जुन्या शर्यतींचं वेड लागलेल्या माणसाला १०५६ हा आकडा तोंडपाठ असतो. एका मैलात ६३,३६० इंच. त्याला ६० मिनिटांनी भागलं की १०५६ उरतात. पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे गुणिले त्याची पिच, भागिले १०५६ केलं की होडीचा ताशी मैलांतला वेग हाती येतो. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर पंखा स्क्रूसारखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे घुसला असता, ती त्याची पिच. समजा इंजिन ६५०० फेऱ्यांवर आहे, गिअर एकास एक आहे आणि पिच ११ इंच आहे. कागदावर वेग येतो ६७.७ मैल. होडी प्रत्यक्षात ६० मैलांनीच धावली, तर बाकीचं पाण्यानं खाल्लं. ही स्लिप झाली, अकरा टक्क्यांच्या थोडी वर.

हिशेब एवढा सोपा असेल, तर ही मंडळी तळ्याकाठी पंख्यांनी भरलेल्या लाकडी पेट्या घेऊन का येतात?

इतिहास रीतसर सांगायला हवा म्हणून सांगतो. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ साली मिलवॉकीत आउटबोर्ड मोटार विकायला काढली. १९३९ मध्ये कार्ल कीकहेफरनं सीडरबर्गला कारखाना घेतला आणि त्यातून मर्क्युरी जन्मली. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन १९०३ पासूनची. शर्यतींचे वर्ग इंजिनाच्या घनइंचांवर ठरतात. पन्नासच्या दशकात २० घनइंचांच्या वर्गात मर्क्युरीच्या मार्क २० एच या मोटारीचा दबदबा होता. जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब १९६५ चा. झाला इतिहास. आता दात्यांकडे वळू.

मालवण किंवा देवगडला मासेमारीच्या होडीवरची आउटबोर्ड पाहा. तिथं साधारण दोनास एक असा गिअर असतो, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पंख्याचा एक. ओझं जड आणि वेग कमी, त्यामुळे मोठा पंखा सावकाश फिरवणं फायद्याचं. पण त्यासाठी पंख्याच्या दांड्यावरचा गिअर दुप्पट व्यासाचा लागतो आणि तो ज्या नळकांड्यात बसतो तेही फुगतं. हे नळकांडं सतत पाण्यात असतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी दहा मैलांना न जाणवणारी ती जाडी साठ मैलांना छत्तीस पट ओढते. म्हणून मर्क्युरीचं शर्यतीचं क्विकसिल्व्हर लोअर युनिट, म्हणजे गिअर आणि पंखा असलेला पाण्यातला खालचा भाग, बारीक बांध्याचं असायचं. त्यात ना न्यूट्रल, ना रिव्हर्स. असल्या युनिटांतले गिअर एकास एक किंवा त्याच्या आसपास. माझं ठाम मत आहे की शर्यतीत गिअर रेशो निवडणं म्हणजे आधी नळकांड्याची जाडी निवडणं. बाकी गणित त्यानंतरचं.

माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे १४ आणि १५ दात्यांची जोडी. या दोन आकड्यांना सामाईक भाजक नाही. त्यामुळे एका गिअरचा प्रत्येक दाता दुसऱ्याच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीनं भेटतो, आणि तीच जोडी पुन्हा समोरासमोर येते ती २१० भेटींनंतर. झीज सगळ्यांत वाटली जाते. एकास एकमध्ये मात्र त्याच दात्याची त्याच दात्याशी जन्माची गाठ. एक बिघडला की आपल्या जोडीदाराला घेऊन जातो.

आता १४:१५ लावलं की ६५०० चे ६०६७ फेरे उरतात. तोच ११ इंची पंखा ठेवला, तर आधीचा वेग गाठायला इंजिनाला जवळजवळ ७००० वर जावं लागेल. त्याला ते झेपत असेल तर उत्तम, कारण भार हलका झाल्यानं वळणानंतर होडी चटकन उसळेल. झेपत नसेल तर १२ इंची पंखा लावायचा, की कागदावर जवळजवळ ६९ मैल. गंमत अशी की ११ वरून १२ इंचांवर जाणं म्हणजे नऊ टक्क्यांची उडी, तर एकास एकवरून १४:१५ वर येणं म्हणजे सात टक्क्यांहूनही कमी. गिअर हे जास्त बारीक माप आहे. पण तो बदलायला सगळं युनिट खोलावं लागतं. पंखा मात्र तळ्याकाठी उभ्या-उभ्या बदलता येतो. म्हणून पेट्या पंख्यांच्या.

शिकागोकडे नोकरीला असताना सुट्टीच्या दिवशी मी विस्कॉन्सिनमधल्या तळ्यांवर या शर्यतींच्या जत्रा पाहायला जायचो. मेथॅनॉलवर चालणाऱ्या मोटारींच्या इंधनात एरंडेल मिसळतात, त्यामुळे हवेत तोच वास. लहानपणी जुलाबासाठी एरंडेल प्यायलेल्या मराठी माणसाला तो वास आवडायला लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं! तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात सारख्याच आकड्याचा शिक्का असलेले दोन पितळी पंखे ठेवले आणि मागच्या कडेवरून अंगठा फिरवायला सांगितलं. एकाची कड सरळ होती, दुसरीला नखभर वळण होतं. याला कपिंग म्हणतात. तेवढ्या वळणानं खरी पिच शिक्क्यापेक्षा वाढते, त्यामुळे हिशेबात कधीकधी स्लिप चक्क शून्याखाली जाते आणि नवखा माणूस आपल्या स्पीडोमीटरला शिव्या देतो. हे वळण हातोडीनं देतात. पिच ब्लॉक नावाच्या ओतीव ठोकळ्यावर पातं ठेवून ठोकत, घासत जुळवायचं. कॅलिफोर्नियातल्या हाय जॉन्सनचे हातानं घडवलेले पंखे आजही लोक जिवापाड जपतात.

हायड्रोप्लेनवर, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकून धावणाऱ्या शर्यतीच्या होडीवर, पंख्याचा अर्धा भाग पाण्याबाहेरच असतो. प्रत्येक पातं फेऱ्यागणिक हवेतून पाण्यावर आपटतं, म्हणून पुढची कड धारदार, मागची जाड आणि सरळ छाटलेली. पाण्याखाली पूर्ण बुडालेल्या पंख्याची गत वेगळी. फार वेगानं फिरवला की पात्यामागे पाण्याचीच वाफ होऊन पोकळ्या तयार होतात. चार्ल्स पार्सन्सला याचा फटका बसला तो ‘टर्बिनिया’ या टर्बाइनच्या बोटीवर, १८९४ मध्ये. एका दांड्यावर वेग मिळेना, तेव्हा त्यानं तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे लावले आणि ती ३४ नॉटच्या घरात गेली. अर्धा बुडणारा पंखा पोकळीत वाफेऐवजी हवाच ओढून घेतो आणि त्या भानगडीतून सुटतो.

लंबगोल मार्गावर वळणात इंजिनाचे फेरे कमी होतात, तिथं कमी पिच हवी. सरळ विक्रमाच्या धावेत दोन्ही दिशांची सरासरी धरतात, वळण नसतं, तिथं मोठी पिच चालते. १९५८ मध्ये सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर ह्यू एन्ट्रॉपनं सहा सिलिंडरच्या मर्क्युरीवर १०७.८२१ मैलांचा विक्रम केला. शनिवारी-रविवारी शर्यतीत उतरणाऱ्यानं असल्या धावेचा पंखा आपल्या होडीला लावला, तर ती वळणातून बाहेर पडताना इंजिन रडेल.

मोटार अर्धा इंच वर चढवली तरी नळकांड्याचा विरोध घटतो, स्लिप वाढते आणि पंखा पुन्हा बदलावा लागतो. म्हणून आधी उंची पक्की करावी, मग पंखा निवडावा आणि गिअरला शेवटी हात लावावा. जुने गिअर आता बंद पडलेल्या मोटारींतूनच काढून घ्यावे लागतात. सापडले तर दोन्ही एकाच मोटारीतले घ्यावेत, कारण एकमेकांवर घासून बसलेले दाते परक्या गिअरशी नीट जुळत नाहीत.