इझाकायात शिरण्यापूर्वी

जपानला जाणाऱ्यांच्या यादीत सुशी आणि रामेन असतातच. माझं ऐकाल तर एक संध्याकाळ इझाकायासाठी, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी पबसाठी, राखून ठेवा. दारावर लाल कागदी कंदील दिसला की खुशाल आत शिरा.

बसल्या बसल्या न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते. कधी शिजवलेली भाजी, कधी बटाट्याचं सॅलड, कधी मासा. ही ओतोशी. ती फुकट नसते. बऱ्याच ठिकाणी माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात. परदेशी पाहुणे यावरून वैतागतात, पण ते बसण्याचे पैसे समजा. टिप तर द्यायचीच नसते!

पदार्थ थोडे थोडे मागवायचे. याकितोरीत, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या तुकड्यांत, कोंबडीचं काहीच वाया जात नाही: मांडी, काळीज, कातडी, अगदी कूर्चासुद्धा. मीठ की गोडसर सॉस, एवढं विचारतील. मी मीठवाला. शाकाहाऱ्यांनी मात्र जपून. साध्या दिसणाऱ्या थंड टोफूवरही सुकवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला असतो आणि बहुतेक रश्श्यांत तोच मासा. एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या खारट शेंगा, बिनधास्त खा.

टोकियोत शिंजुकूच्या गोल्डन गाईत 200 हून अधिक चिमुकले बार आहेत, काहींत जेमतेम सहा-सात खुर्च्या. आत जाण्याआधी दारावरचे दर वाचा. भोवतालच्या काबुकिचो भागात रस्त्यावर गाठून बोलावणाऱ्यांच्या मागे अजिबात जाऊ नका. शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, पहिली पहाटे पाचच्या आसपास. मधल्या वेळेत टॅक्सी भलतीच महाग पडते.