प्रथिन घडल्यावर (९) : साखरेचा चिकटा

के जीवनसत्त्व आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, असं या आठवड्याला कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. मोहोळहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. वय पस्तीस, अंगकाठी बारीक. उपाशीपोटीची साखर ९२, जेवणानंतरची ११८, पण ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीएवनसी ६.१. ‘डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहात’ असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांनी भाकरी निम्म्यावर आणलीय. सोबत रिपोर्टची झेरॉक्स आहे. त्यात हिमोग्लोबिन ९.२. त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही!

मागच्या लेखात किनेज ही एन्झाइमं पाहिली. तिथे पेशी हिशेबाने प्रथिनाला फॉस्फेट लावते आणि काम झालं की काढून घेते. साखरेच्या बाबतीत एन्झाइम नाही की हिशेब नाही. तांबडी पेशी ग्लुकोजला आत घेताना इन्सुलिनची वाट बघत नाही, त्यामुळे बाहेर जेवढी साखर तेवढीच साधारण आत. ती हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला चिकटते. आधी कच्ची, सुटू शकेल अशी. मग रेणूची आतली मांडणी बदलते आणि ती कायमची बसते. पेशीला केंद्रक नसल्यामुळे नवं हिमोग्लोबिन घडवायची सोय नाही. मिळालं तेवढ्यावर सुमारे १२० दिवस काढायचे, चिकटलेल्या साखरेसकट.

फ्रेंच रसायनज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून ही अभिक्रिया दाखवली. आपल्या कडक भाकरीवरचे तपकिरी डाग आणि तो खमंग वास हे तिचंच पुढचं रूप. तव्यावर मिनिटांत होतं ते शरीराच्या ३७ अंशांना आठवडे-महिने घेतं. त्वचेतलं आणि सांध्यांभोवतीचं कोलॅजन तर वर्षानुवर्षं बदललं जात नाही, म्हणून तिथे हा चिकटा साचत जातो आणि शेजारचे धागे एकमेकांना जखडतात. जुना मधुमेह असलेल्या काही जणांना नमस्कार करताना तळवे आणि बोटं पूर्ण टेकवता येत नाहीत. डॉक्टर मुद्दाम तसा नमस्कार करायला लावून बघतात.

ही चिकटलेली साखर मधुमेहाशी जोडली गेली ती तेहरानमध्ये. सॅम्युएल रहबर रुग्णांच्या रक्तात वेगळ्या धाटणीची हिमोग्लोबिनं शोधत होते, म्हणजे काम भलतंच. १९६८ च्या सुमारास त्यांना काही नमुन्यांत एक जादा पट्टा दिसला, आणि ते नमुने मधुमेहींचे निघाले. आज आमच्या शहरात सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत कुठल्याही लॅबच्या दरपत्रकावर साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची ही तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, असते.

‘तीन महिन्यांची सरासरी’ हे मात्र ढोबळ बोलणं. आकड्यातला जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. शिवाय त्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : साखर किती होती, आणि पेशी त्या साखरेत किती दिवस भिजली. दुसरी गोष्ट रिपोर्टवर कुठेच छापलेली नसते. लोह कमी पडलं की नव्या पेशींचा पुरवठा मंदावतो, रक्तात म्हाताऱ्या पेशींचा भरणा होतो आणि साखर न वाढताही आकडा चढतो. हे एक कारण, आणखीही असावीत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने हे आपल्याच तरुण मुलांत तपासलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विशी ओलांडलेले शंभरावर तरुण-तरुणी होते. ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत उंबरठ्यावरचे निघाले सुमारे ८ टक्के, आणि एचबीएवनसीने सुमारे २३ टक्के! या तफावतीमागे काही अंशी लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग होता. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांचं हिमोग्लोबिन कमी भरतं, तिथे हिमोग्लोबिन न बघता ६.१ वर शिक्का मारणं मला घाईचं वाटतं.

तेव्हा बाई, आधी डॉक्टरांकडून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्या आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी करा. लोहाचा तुटवडा निघाला तर तो भरून आल्यावर काही महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. तोवर भाकरीवर राग नको.

याच्या उलटही घडतं. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि गडचिरोली-नंदुरबारकडच्या एखाद्या मधुमेह्याचा आकडा ५.४ येऊ शकतो. नुकताच रक्तस्राव झालेल्या किंवा रक्त चढवलेल्या माणसाचाही आकडा असाच दगा देतो. अशा वेळी अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेली साखर मोजता येते. अल्ब्युमिनचा तांबड्या पेशीशी संबंध नाही, पण ते फार टिकत नाही, त्यामुळे जेमतेम मागच्या दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब मिळतो. आणि किडनी बिघडून लघवीतून प्रथिन जात असेल, तर त्याही आकड्याचं काही खरं नाही.