बेथेल : चर्चआधी वसलेले गाव

मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास सांगायचा, तर जालन्याला वळसा घालून नांदेड-लातूरला पोहोचता येत नाही. एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या तेलुगू भागात अमेरिकन बॅप्टिस्टांनी पाय रोवले, बीदरकडे मेथडिस्ट गेले. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच मोडत असे. जालन्यात मात्र काम उभे राहिले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्याचा प्रमुख होता एक मराठीभाषक ब्राह्मण : रेव्हरंड नारायण शेषाद्री.

मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहण्यास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने प्रकरण न्यायालयात गेले आणि श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. खरा पेच त्यानंतरचा. मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे, अशी बाजू उचलून धरली. सनातनी मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलाची ही गत, तर घेतलेल्या थोरल्या भावासाठी घराचे दार कायमचेच बंद होते, हे वेगळे सांगायला नको.

घर तुटणे म्हणजे काय, याचा अनुभव घेतलेला हा माणूस १८६० च्या दशकात जालन्यात आला. तेथे त्याच्याकडे वळले ते प्रामुख्याने मातंग समाजातील लोक. त्यांच्यापुढचा प्रश्न शेषाद्रींच्या प्रश्नापेक्षाही बिकट होता. शिकलेल्या ब्राह्मणाला शाळेत नोकरी मिळू शकत होती. दोरखंड वळणे आणि गावकीची कामे करणाऱ्या कुटुंबाचे पोट मात्र बलुत्यावर, म्हणजे गावाच्या मर्जीवर, चाले. ती मर्जी फिरली की केवळ उपासनेसाठी इमारत बांधून भागणारे नव्हते. हवी होती जमीन.

ती मिळाली निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून. एका मुस्लिम संस्थानाच्या दिवाणाने ब्राह्मण कुळातून आलेल्या पाद्र्याला, गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी, जालन्याजवळ शेकडो एकर जमीन द्यावी, हा योग विरळाच. सुरुवातीची वर्षे तिच्यावर सारा माफ होता. तेथे ‘बेथेल’ वसले. या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. मात्र ते नुसते देवाचे घर नव्हते. शेती, शाळा आणि चर्च असलेले ते पूर्ण गाव होते. ज्यांना गावात वेशीबाहेर राहावे लागे, त्यांना येथे वेशीच्या आत घर मिळाले. जमीन आणि घर या दोहोंसाठी मिशनवर अवलंबून राहणे हे नवे परावलंबन नव्हते काय, हा आक्षेप मात्र रास्तच म्हणावा लागेल.

१८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री पागोटे घालूनच उपस्थित होते. धर्म बदलला तरी वेश मराठीच राहिला. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे जालन्यातील मिशनच्या कामाची ओळख तेथील रुग्णालयानेही टिकवली.

स्कॉटिश परंपरेतील मराठी मंडळ्या १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामार्गे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. ब्रिटिश बॅप्टिस्ट मिशनशी निगडित मंडळ्याही त्यात आल्या. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मात्र शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. त्यामुळे जालन्याची मंडळी आणि बीदर-उदगीर पट्ट्यातील मेथडिस्ट यांचे कारभार आजही वेगवेगळे आहेत.