नाव काश्मीरचं, गिरणी स्कॉटलंडची

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा देश आहे. मुलुख डोंगराळ. पाऊस फार, थंडीही फार. तिथल्या गावांत लोकरीच्या कपड्यांची लहान लहान दुकानं आहेत. दुकान कसलं, एक खोलीच म्हणा ना! फळ्यांवर स्वेटर घड्या घालून ठेवलेले असतात. एका बाजूला मफलर, कानटोप्या, हातमोजे, पायमोजे आणि बायकांच्या शाली.

त्यातला एक मफलर उचलून पाहावा. हातात काही धरलंय असं वाटतच नाही, इतका तो हलका. गालाला लावला तर तान्ह्या मुलाच्या जावळासारखा मऊ. मग किंमत विचारावी. चांगल्या मफलरला आपले आठ-दहा हजार रुपये सहज पडतात. स्वेटरला त्याहून पुष्कळ जास्त.

तुम्ही म्हणाल, त्यात सोन्याची तार विणली आहे की काय? सोनं नाही. शेळीची लव आहे. आणि खरी गंमत पुढेच आहे. ती शेळी स्कॉटलंडची नाही.

लडाख, तिबेट, मंगोलिया आणि चीनचा उत्तर भाग इथे उंच, उघडी माळरानं आहेत. हिवाळ्यात तिथे नद्या गोठतात. तिथल्या शेळीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ. त्यांच्या खाली, कातडीला लागून, बारीक लव. ही जणू त्या शेळीची आतली बंडी! आपल्या उस्मानाबादी शेळीला अशी बंडी नसते. आपल्या उन्हात ती बिचारी बंडी घालून काय करणार?

थंडी सरली की ही लव आपोआप सुटू लागते. तेव्हा तिकडचे मेंढपाळ शेळीला धरून लांब दातांच्या फणीने विंचरतात. फणीत लव येते, तिच्याबरोबर राठ केस येतात, धूळ आणि कोंडाही येतो. सगळं साफ केल्यावर एका शेळीमागे वर्षाला शे-दीडशे ग्रॅम लव उरते, फार तर दोनशे. एका स्वेटरला तीन-चार शेळ्यांची वर्षभराची लव लागते. आणि ती किती बारीक? तुमच्या डोक्याचा एक केस घ्या. तेवढ्या जाडीत या लवीचे चार तंतू शेजारी शेजारी बसतील.

या लवीला आपण पश्मिना म्हणतो. इंग्रजीत तिला ‘कॅशमिअर’ म्हणतात. कॅशमिअर म्हणजे दुसरं काही नाही, आपलं काश्मीरच! लव लडाख-तिबेटकडून यायची, पण तिची शाल काश्मीरचे विणकर विणायचे. म्हणून नाव काश्मीरचं पडलं. या शालींचा मान केवढा होता, ते एका करारावरून कळतं. १८४६ साली अमृतसरला इंग्रजांनी जम्मूच्या गुलाबसिंगांना काश्मीर दिलं. त्या करारात लिहिलं होतं, की महाराजांनी दरसाल इंग्रज सरकारला एक घोडा, शालीच्या लवीच्या बारा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात. बारांत सहा नर आणि सहा माद्या, हेसुद्धा त्यात घातलं होतं!

विलायतेतल्या श्रीमंत बायकांना या शालींचं वेड लागलं. पण खरी काश्मिरी शाल सगळ्यांना कुठून परवडणार? मग स्कॉटलंडच्या विणकरांनी तशा दिसणाऱ्या शाली काढल्या. पेझली हे गाव त्यात पुढे होतं. काश्मिरी शालीवर जी वाकड्या टोकाची वेलबुट्टी असते, तीच त्यांनी उतरवली. ती बुट्टी तुम्ही ओळखता. आपल्याकडे लुगड्याच्या पदरावर असते ती कोयरीच. आज जगभर त्या नक्षीला ‘पेझली’ म्हणतात. नक्षी आपल्याकडची आणि नाव मात्र त्या गावाचं!

काश्मीरच्या विणकरांचं पुढे काय झालं? फ्रान्स हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. १८७० मध्ये फ्रान्सची जर्मनांशी लढाई जुंपली आणि तिकडची मागणी बसली. शाल पांघरायची चालही मागे पडली. त्यातच १८७७ ते १८७९ या सालांत काश्मीरात मोठा दुष्काळ पडला. पुष्कळ विणकर त्यात मेले, पुष्कळ परागंदा झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब असं हातचं गेलं.

आता स्कॉटलंडने काय केलं ते पाहा.

स्कॉटलंडच्या लोकांकडे लव नव्हती. पण ती कातायची कशी, हे शिकायचं त्यांनी मनावर घेतलं. तेव्हा ही विद्या फ्रान्सच्या लोकांना येत होती. स्कॉटलंडात जो कोणी त्या पद्धतीने सूत कातील त्याला तीनशे पौंडांचं बक्षीस, असं तिथल्या उद्योगमंडळाने जाहीर केलं. कॅप्टन कॉक्रेन नावाच्या गृहस्थांनी पॅरिसला जाऊन माहिती मिळवली. ग्लासगो शहराच्या हूल्ड्सवर्थ गिरणीने ती विकत घेऊन सूत काढलं आणि १८३३ साली बक्षीस मिळवलं.

तरी एक अडचण उरलीच. लव आणि राठ केस वेगळे करायचे कसे? काश्मीरात बाया हे काम हाताने करीत. केस न्‌ केस निवडायचा! दिवसभर बसलं तरी पसाभर लव निघायची. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड गावच्या जोसेफ डॉसन यांनी १८७० च्या पुढच्या काळात यासाठी यंत्र तयार केलं. आपण सुपाने धान्य पाखडतो ना, तसंच थोडंसं. यंत्राच्या दातेरी रुळांवरून माल फिरतो. जड, राठ केस बाहेर फेकले जातात आणि हलकी लव रुळाला चिकटून राहते. या यंत्राची घडण पुष्कळ वर्षं गुपित ठेवली होती. ते साहजिकच होतं, सगळा धंदा त्या रुळांवर उभा होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. काही विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते जड पाणी. त्यात चुन्यासारखे क्षार असतात. स्कॉटलंडच्या बऱ्याच नद्या-तळ्यांचं पाणी हलकं आहे. त्यात लोकर धुतली की मऊ राहते. म्हणून गिरण्या पाण्याच्या काठाने उभ्या राहिल्या. किनरॉसची सूतगिरणी तळ्याकाठी आहे. एल्गिन गावी लॉसी नदीच्या काठी जॉन्स्टन घराण्याने १७९७ साली गिरणी काढली. हॉइक हे गाव टेव्हियट नदीवर. तिथे १७७१ साली जॉन हार्डी यांनी पायमोजे विणायचे चार माग आणले. त्या चार मागांपासून गावाचा विणकामाचा धंदा वाढला.

स्वेटर यंत्रावर विणतात, पण माणसाचा हात लागल्यावाचून तो पुरा होत नाही. गळ्याची पट्टी अंगाला जोडायची तर एकेक टाका एकेका बारीक खिळीवर अडकवावा लागतो. एक टाका चुकला तर तिथून उसवत जायचं. हे काम शिकायला वर्षं लागतात, आणि नजर तेज लागते. विणून झालेला स्वेटर आधी चक्क कडक लागतो, कारण सुताला तेल लावलेलं असतं. मग तो साबणाच्या पाण्यात घुसळून धुतात. तेल जातं, लव फुलून वर येते. पण थोडा वेळ जास्त झाला की स्वेटर आटून घोंगडीसारखा घट्ट होतो. केव्हा थांबायचं, हे जाणत्या कामगाराला हात लावून कळतं. शालींच्या कापडावर तर अजून एका झाडाची वाळलेली काटेरी बोंडं फिरवतात, लव हळुवार उठावी म्हणून.

एवढं कसब असूनही त्या गावांना काळाचा फटका बसायचा तो बसलाच. चीनमध्ये स्वस्त स्वेटर निघू लागले. हॉइकची प्रिंगल ही १८१५ सालची जुनी पेढी. तिने २००८ मध्ये तिथला कारखाना बंद केला. किनरॉसची सूतगिरणी २००९ साली एका चिनी कंपनीने विकत घेतली. म्हणून लहान दुकानांचं महत्त्व. चांगला दुकानदार कोणत्या गिरणीचा माल ते सांगतो, भोक पडलं तर रफू करून देतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं.

गिऱ्हाइकाने मात्र चिठ्ठी वाचावी. तिथल्या कायद्याप्रमाणे कपड्यात कोणता तंतू किती टक्के आहे, ते चिठ्ठीवर लिहावं लागतं. मोठ्या अक्षरांत ‘कॅशमिअर’ आणि बारीक अक्षरांत ‘दहा टक्के’, असाही माल असतो. ‘स्कॉटलंडात तयार झालेलं’ याचा अर्थ तिथे विणलेलं, एवढाच. लव बहुधा चीन-मंगोलियाची. आपल्याकडेही पश्मिन्याच्या नावाखाली भलतंच कापड खपवतात. म्हणून २००८ साली काश्मिरी पश्मिन्याच्या नावाची सरकारदरबारी नोंद झाली, आणि २०१९ मध्ये पश्मिना ओळखण्याचं सरकारी प्रमाणही ठरलं.

आणि शेळी पाळणारा? त्याचं दुखणं निराळंच आहे. लवीला भाव आला म्हणून मंगोलियात शेळ्या वाढल्या. १९९० च्या सुमारास पन्नास लाख होत्या, २०१८ पर्यंत अडीच कोटींच्या वर गेल्या. शेळी गवत मुळापर्यंत खाते. माळ उघडे पडले. अशा वेळी कडक हिवाळा आला की जनावरांना चारा उरत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात तिथे ऐंशी लाखांहून जास्त जनावरं मेली. मफलर ज्याच्या शेळीपासून होतो, त्याच्या घरावर असा घाला पडतो. दुकानातल्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं.

मफलर विकताना दुकानदार तो धुवायची रीतही सांगतो. पाणी कोमट घ्यावं. साबण सौम्य. चोळू नये, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं आणि सावलीत सपाट पसरावं. खुंटीला टांगू नये, लोंबून लांब होतं. पेटीत ठेवण्याआधी धुवून पुरतं वाळवावं. मळक्या लोकरीला कसर लवकर लागते, मग ती लोकर स्कॉटलंडची असो की आपल्या घोंगडीची.