टेंगूळ तसंच, ठणका कमी

चेहऱ्यावर एक पुटकुळी आली तर आपण दहा जणींना विचारतो. पायाच्या अंगठ्याशी हाड वर यायला लागलं, की मात्र 'वयाचं आहे' म्हणून सोडून देतो. माझ्या उजव्या पायाला असं टेंगूळ आहे. आईला होतं, मावशीलाही. डॉक्टरांनी त्याला 'बनियन' म्हटलं तेव्हा घरात हशा पिकला. गंजीफ्रॉकचा आणि याचा काही संबंध नाही हो! पण शाळेत लागोपाठ तास घेतल्यावर संध्याकाळी जो ठणका लागायचा, तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नोकरीची सात वर्षं शिल्लक होती आणि खुर्चीत बसून पाचवीचा वर्ग सांभाळता येत नाही.

बऱ्याच जणींना वाटतं, तिथे नवं हाड वाढलंय. तसं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो. मग तो सांधा बाहेर डोकावतो आणि चप्पल घासली की सूज येते. पायाची ही ठेवण बऱ्याचदा घराण्यातूनच येते. निमुळत्या, उंच टाचांच्या चपला त्यात भर घालतात.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, सरकलेलं हाड लेप-मालिशने जागेवर येत नाही. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी काहींना आराम पडतो, पण मोठ्या माणसाचं हाड त्याने कायमचं सरळ होत नाही. मग आपल्या हाती काय? ठणका कमी करणं. आणि ते पुष्कळ जमतं.

पहिला उपाय चपलेचा. कागदावर उभं राहून पावलाभोवती रेघ मारा, आकार कापा आणि दुकानात न्या. चपलेच्या तळव्याबाहेर कागद आला, तर ती चप्पल आपली नव्हे. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात. पुढे बोटं हलवण्याइतकी रुंदी हवी आणि टाच दोन इंचांच्या आतच. कोल्हापुरी सपाट खरी, पण तिचा कडक पट्टा टेंगळावर येत असेल तर ती सणावारीच बरी. घरातही लादीवर अनवाणी ओट्याशी उभं राहू नका, मऊ चप्पल घाला.

जोडव्यांचंही बघा. अंगठा शेजारच्या बोटावर रेलला की जोडवी रुततात. मी ती सैल करून घेतली. दुखतं त्या दिवशी काढूनच ठेवते. सासूबाईंना आधी रुचलं नाही. आठवड्याभराने मात्र त्यांनीच पाय पुढे केला, "बघ गं, माझंही तसंच आहे का?"

ठणका लागला की फडक्यात बर्फ गुंडाळून 10-15 मिनिटं धरते. टेंगळावर जेलची गादी लावता येते, पण चप्पल रुंद असेल तरच. घट्ट चपलेत ती आणखी दाबते. टीव्ही बघताना जमिनीवर पंचा पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करते, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच.

मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर बर्फ, गाद्या असले प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. आधी डॉक्टरांना पाय दाखवा. एका रात्रीत सांधा लाल, गरम होऊन असह्य दुखू लागला, तर तो गाउट किंवा जंतुसंसर्गही असू शकतो. जखम झाली तरी थांबू नका. आणि पाय सुंदर दिसावा म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. सगळे उपाय करूनही रोजचं चालणं अवघड झालं, तरच तो विचार करायचा.

माझं टेंगूळ आजही आहे तिथेच आहे, पण शेवटच्या तासाला मी फळ्यापाशी उभी असते. मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांच्या चपला आपण निगुतीने निवडतो. येत्या रविवारी एक कागद आणि पेन्सिल घेऊन स्वतःच्याही पावलाचं माप घ्याच!