शिसपेन्सिलीत शिसं नाही, पण फोनच्या बॅटरीत पेन्सिलीतलाच माल आहे

नटराजच्या पेन्सिलीने फोनची स्क्रीन चालते का? बहुतेक फोनवर नाही. २०१३ च्या सोनी एक्सपिरिया झेड अल्ट्रावर मात्र साधी पेन्सिल स्टायलस म्हणून चालायची. पेन्सिलीच्या आतल्या काळ्या कांडीतून वीज वाहते, म्हणून ते जमलं. इतर फोन बोटाएवढ्या स्पर्शाची वाट बघतात, बारीक टोकाकडे दुर्लक्ष करतात. (घरी ट्राय करू नका, स्क्रीनगार्डवर ओरखडे येतील.)

ती कांडी ग्राफाइटची. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण शिसं तिच्यात अजिबात नसतं. १६ व्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला ग्राफाइट सापडलं, तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

ग्राफाइट म्हणजे कार्बनचे पातळ थर, पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक. थरांची एकमेकांवरची पकड सैल असते. कागदावर घासलं की ते सुटून कागदाला चिकटतात, तेच आपलं अक्षर. आणि फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे आयन बॅटरीतल्या ग्राफाइटच्या अशाच थरांमध्ये जाऊन बसतात; फोन वापरताना तिथून बाहेर पडतात. म्हणजे सैल थर हाच दोन्हीकडे कामाचा गुण.

नुसतं ग्राफाइट फार मऊ. १७९५ मध्ये फ्रान्सच्या निकोला-झाक काँते यांनी त्यात चिकणमाती मिसळून कांड्या भट्टीत भाजल्या. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकी. माती कमी तर मऊ आणि गडद. एचबी म्हणजे मधलं प्रमाण.

नटराज हा मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनीचा ब्रँड, १९५८ पासूनचा. अप्सराही त्यांचीच, १९७० ची. म्हणजे शाळेत 'नटराज भारी की अप्सरा' यावर आपण भांडलो ते एकाच घरातल्या दोन बहिणींवरून! लाल-काळ्या पट्ट्यांची ६२१ माझ्या मते अजूनही सरस: टोक पटकन मोडत नाही आणि रेघ पुरेशी काळी येते. देशातल्या पेन्सिलींचं बरंचसं लाकूड काश्मीरच्या पुलवामातून येतं, तिथल्या पॉपलर झाडांचं.

आता आमच्या दिघीची गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर कित्येक दिवस ना वीज, ना नेटवर्क. फोन नुसता खिशात. जेटीकडच्या एका किराणा दुकानाचे पत्रे उडाले आणि उधारीची वही भिजली. जेल पेनने लिहिलेली पानं निळी-निळी झाली, कोणाचं नाव नि किती रुपये, काही कळेना. पण काकांना पेन्सिलीने लिहायची सवय होती. पेनची पानं त्यांच्या मुलाची. पेन्सिलीची पानं सुकवली तर सगळे आकडे जागेवर. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, जेल पेनची शाई पाण्याचीच असते. त्या महिन्यात गावात कोणाकडेच रोख नव्हती, सगळं त्या वहीवर चाललं होतं.

तुमच्या घरीही अशी वही असेल तर तिचे फोटो काढून ठेवा. फक्त फ्लॅश बंद करा. ग्राफाइट चमकतं आणि फ्लॅशमध्ये अक्षरं पांढरी दिसतात. खिडकीजवळ बसा, उजेड बाजूने येऊ द्या आणि फोन वहीच्या बरोब्बर वर धरा.